कमी बजेटचा गेमिंग पीसी: नवं काय घ्यायचं, जुनं काय चालेल

सेकंड हँड वस्तूंच्या कुठल्याही साइटवर ‘गेमिंग पीसी’ शोधा. पहिल्या काही जाहिरातींतच हे वाक्य सापडेल: ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, आरजीबी कॅबिनेट’. फोटोत पंखे लाल-निळे चमकतायत आणि भाव इतका कमी की लगेच फोन लावावासा वाटतो. लावा, पण पहिला प्रश्न हा विचारा: आय७ कितव्या पिढीचा? बऱ्याचदा उत्तर येतं, दुसऱ्या किंवा तिसऱ्या. म्हणजे आय७-२६०० किंवा आय७-३७७०. २०११-१२ सालचे प्रोसेसर. ‘४ जीबी ग्राफिक्स’ बहुधा जीटी ७३० निघतं. त्यावर मेमरी चार जीबी असली तरी ती पुरेपूर वापरण्याइतकी ताकद त्या चिपमध्ये नाही. २०२२ साली आलेला साधा आय३-१२१०० त्या आय७ला आरामात मागे टाकतो. शिवाय इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत एव्हीएक्स२ हा सूचनासंच नाही, तो २०१३ सालच्या चौथ्या पिढीपासून आला. काही नवे गेम तो नसेल तर सुरूच होत नाहीत.

तेव्हा खरेदीआधी नंबर वाचायला शिका. इंटेलमध्ये आय५-८५०० म्हणजे आठवी पिढी, आय५-१२४०० म्हणजे बारावी. मागे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. एएमडीत रायझन ५ ३६०० हा ३००० मालिकेतला आणि ५६०० हा ५००० मालिकेतला. इथे एक फसवी जागा आहे: रायझन ३ ३२००जी आणि रायझन ५ ३४००जी नावानं ३००० मालिकेतले, पण आतली रचना आधीच्या पिढीची आहे. ३६००च्या भावात ३४००जी कुणी देत असेल तर सोडून द्या.

आधी गेम, मग मॉनिटर, मग बाकी सगळं

व्हॅलोरंट, सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) असे स्पर्धेचे गेम खेळायचे, की मोठे कथेचे गेम, हे आधी स्वतःशी नक्की करा. पहिल्या प्रकाराला प्रोसेसर चांगला लागतो, ग्राफिक्स कार्ड बेताचं चालतं. दुसऱ्याला उलट. गेल्या काही वर्षांत असेही गेम आलेत ज्यांना रे ट्रेसिंगची (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याची) सोय असलेलं कार्डच लागतं, २०२५ सालचा डूम: द डार्क एजेस हे त्यातलं एक उदाहरण. असले गेम तुमच्या यादीत असतील तर जीटीएक्स मालिकेतली सगळी कार्डं आत्ताच बाद.

या लेखात मी १०८० पी, म्हणजे १९२० बाय १०८० हेच रिझोल्यूशन धरलंय. कमी बजेटमध्ये त्याच्या वर जायचा हट्ट धरू नये. ऑफिसांतून निघालेले डेलचे, एचपीचे २२ ते २४ इंची आयपीएस मॉनिटर रिफर्बिश्ड बाजारात भरपूर मिळतात आणि रंगांना छान असतात, पण ते ६० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारे. कथेचे गेम खेळणाऱ्याला ते पुरतात. व्हॅलोरंटवाल्यानं मात्र नवा १०० हर्ट्झ किंवा त्याहून वरचा मॉनिटर बघावा. जुना मॉनिटर घेताना पूर्ण पांढरा, पूर्ण काळा आणि राखाडी असे तीन फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दुकानात त्यावर लावून बघा. मेलेले पिक्सेल, पिवळट कोपरे, डाग लगेच दिसतात.

नवं-जुनं ठरवायचा नियम

माझा नियम असा: जो भाग जळताना दुसऱ्यांनाही घेऊन जातो तो नवा घ्यायचा. जो एकटाच मरतो तो जुना चालेल.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, नवाच. यावर वाद नको. जुन्या एसएमपीएसच्या आत कपॅसिटर किती सुकलेत हे बाहेरून कळत नाही, आणि तो गेला तर बोर्ड आणि कार्ड सोबत नेऊ शकतो. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस तर आधी काढून बाजूला ठेवा. स्टिकरवर ५०० वॅट लिहिलं म्हणून तो ५०० वॅट देत नाही. ८० प्लस प्रमाणित, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या आसपास वॉरंटी असलेला ५५० वॅटचा घ्या. खाली सांगितलेल्या सुट्या भागांच्या कुठल्याही जोडणीला तो पुरून उरतो; ऑफिसच्या टॉवरची गोष्ट वेगळी, ती पुढे येते.

एसएसडीही नवी. ती शेजारच्या भागांना जाळत नाही हे खरं, पण जाताना तुमचा डेटा नेते, म्हणून तिला मी याच पंक्तीत बसवतो. ५०० जीबी एनव्हीएमई (थेट मदरबोर्डात बसणारी वेगवान एसएसडी) ही किमान पातळी; आजचे मोठे गेम एकेकटे शंभर जीबीच्या वर जातात, तेव्हा जमलं तर १ टीबी. जुनी घ्यायची वेळ आलीच तर क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून आरोग्याची टक्केवारी आणि एकूण लिहिलेला डेटा पाहा. हे आकडे खोडून देणारे महाभागही बाजारात आहेत, म्हणून मी नवीच म्हणतोय.

प्रोसेसर खुशाल जुना घ्या. प्रोसेसर सहसा मरत नाहीत. मारले जातात, पिना वाकवून. एक अपवाद लक्षात असू द्या: इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले वरचे आय७, आय९ जास्त व्होल्टेजच्या दोषामुळे आतून खराब होत होते. इंटेलनं २०२४ साली मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा) अपडेट दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झालेली इजा अपडेटनं भरून निघत नाही. आपल्या बजेटमध्ये ते बसत नाहीतच, पण कुणी ‘स्वस्तात देतो’ म्हणालं तर मोहात पडू नका.

रॅम जुनी चालते, आणि सध्या तर जुनीच परवडते. २०२५च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव भडकलेत. म्हणूनच मी डीडीआर५ या रॅमच्या नव्या पिढीवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मऐवजी आधीच्या डीडीआर४चा सल्ला देतोय. ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, १६ची एक नको. दोन पट्ट्यांनी मेमरीचा रस्ता दुपदरी होतो आणि गेममध्ये फरक दिसतो. वेग ३२०० किंवा निदान ३०००. दुकानदार फारच स्वस्त देत असेल तर पट्टी हातात घेऊन वाचा. ती सर्व्हरमधली रजिस्टर्ड ईसीसी पट्टी असू शकते, जी साध्या बोर्डावर चालत नाही.

मदरबोर्ड शक्यतो नवा. त्याचे आजार विचित्र असतात: एक रॅम स्लॉट मेलेला, मागचे दोन यूएसबी पोर्ट मेलेले, तिसऱ्या दिवशी आपोआप बंद. हे दुकानातल्या पाच मिनिटांत पकडता येत नाहीत. कॅबिनेट मात्र कसलंही चालेल. भंगारवाल्याकडचंही. फक्त पुढून हवा आत यायला जाळी हवी. पुढे काच लावलेली कॅबिनेटं फोटोत सुंदर आणि उन्हाळ्यात भट्टी.

रस्ता पहिला: ऑफिसचा टॉवर

सगळ्यात कमी खर्चाचा आणि नवशिक्याला सगळ्यात सोपा मार्ग. मोठ्या कंपन्या, बँका दर काही वर्षांनी संगणक बदलतात आणि डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर लॉटनं बाजारात येतात. अशी मशीन घ्यायची, एसएसडी नवी लावायची, रॅम दुपदरी करायची आणि एक कमी वीज खाणारं ग्राफिक्स कार्ड बसवायचं.

पण आकार बघा. मिनी टॉवर हवा. त्याहून चपटा असतो तो स्मॉल फॉर्म फॅक्टर, त्यात फक्त अर्ध्या उंचीचं, लो प्रोफाइल कार्ड मावतं. आणि वहीएवढा छोटा डबा असेल तर त्यात कार्डाला जागाच नाही, तो गेमिंगसाठी विसरा.

दुसरी अडचण विजेची. या मशीनांमधला एसएमपीएस साधारण दोनशे-तीनशे वॅटचा आणि कंपनीच्या स्वतःच्या जोडणीचा असतो. बाजारातला नेहमीचा २४ पिनांचा एसएमपीएस अनेक मॉडेलांत थेट बसत नाही. ग्राफिक्स कार्डाला लागणारी वेगळी वायरही त्यात नसते. म्हणून असं कार्ड घ्यायचं जे मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेतं, आणि त्या स्लॉटची मर्यादा ७५ वॅट. आरटीएक्स ३०५०ची ६ जीबीवाली आवृत्ती ७० वॅटची आहे, २०२४ साली आली, आणि या कामासाठी मला तीच सर्वांत योग्य वाटते. लो प्रोफाइलमध्येही मिळते. त्याखाली जीटीएक्स १६५०, तेही जास्तीच्या वायरीची गरज नसलेलं मॉडेल बघून. आरएक्स ६४०० स्वस्त पडतं, पण ते डेटाच्या फक्त चार लेन वापरतं आणि या मशीनांमध्ये कार्डाचा स्लॉट जुन्या, कमी वेगाच्या पीसीआयई ३.० पिढीचा असल्यानं त्याचा श्वास कोंडतो. जीटीएक्स १०५० टीआय २०१६ सालचं आहे. त्या पिढीला एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ नंतर गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं थांबवलंय, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. अगदीच स्वस्त असेल तरच.

मशीन निवडताना आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. आय५-८५०० मध्ये सहा कोअर आहेत, सहाव्या-सातव्या पिढीच्या आय५मध्ये चारच. त्याहून मोठं कारण म्हणजे विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ इंटेलमध्ये अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. व्हॅलोरंट तर विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू नसतील तर उघडतच नाही. सातव्या पिढीची मशीन दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळते आणि मग त्याच गेमसाठी माणूस रडत बसतो.

रस्ता दुसरा: सुटे भाग

थोडे जास्त पैसे असतील तर हा मार्ग घ्या, कारण पुढे एकेक भाग बदलता येतो. माझी शिफारस एएमडीच्या एएम४ सॉकेटची. बोर्ड नवा बी५५० किंवा बी४५०, अगदीच ताणलं तर ए५२०. प्रोसेसर जुना रायझन ५ ३६०० किंवा ५६००. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट. ५६०० गेममध्ये ठळक पुढे आहे, भावातला फरक फार नसेल तर तोच. इंटेलच हवा असेल तर आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ आणि डीडीआर४वाला एच६१० बोर्ड. एच६१० डीडीआर५चाही येतो, खोक्यावर नीट वाचा.

बी४५० बोर्ड आणि ५६०० ही जोडी घेताना दुकानदाराला विचारा की बायोस (मशीन चालू होताना आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट आहे का. जुना बायोस ५००० मालिका ओळखत नाही, आणि तुम्ही घरी येऊन काळ्या स्क्रीनकडे बघत बसता. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस चढवायचं बटण असतं. नसेल तर दुकानातच करून घ्या.

ग्राफिक्स कार्डावर एकूण खर्चाच्या साधारण चाळीस टक्के जाऊ द्या. भाव महिन्याला हलतात, म्हणून रुपयांपेक्षा हा वाटा लक्षात ठेवलेला बरा. जुन्या बाजारात १०८० पीसाठी माझी पहिली पसंती आरएक्स ६६००: ८ जीबी, २०२१ सालचं, १३२ वॅट, म्हणजे गरमही फार होत नाही. आरटीएक्स ३०६० १२ जीबी मिळालं तर सोनं, पण विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. त्याखाली आरटीएक्स २०६०, मग जीटीएक्स १६६० सुपर. आरएक्स ५८० वर्षानुवर्षं गरिबाचं कार्ड म्हणून चाललं, पण त्याचं वय झालं, वीज खूप खातं आणि त्यात नकली प्रकार फार आहेत. त्याबद्दल पुढे सांगतोच.

जुनं कार्ड कसं तपासायचं

इथे वेळ घाला. बाकी सगळ्या भागांचा मिळून जेवढा धोका नसेल तेवढा या एका भागात आहे.

एक समज आधी दूर करू. ‘मायनिंगचं कार्ड’ म्हटलं की लोक दचकतात. इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ला बंद पडलं आणि लाखो कार्डं बाजारात ओतली गेली. त्यातली जी मरायची होती त्यातली बरीचशी एव्हाना मेली. कमी व्होल्टेजवर, स्थिर तापमानात चालवलेलं कार्ड रोज गरम-थंड होणाऱ्या कार्डापेक्षा वाईटच असतं असं नाही. पंखे झिजलेले असतात, थर्मल पेस्ट वाळलेली असते. या दोन्ही गोष्टी बदलता येतात. जास्त भीती बाळगायची ती दुरुस्त केलेल्या कार्डाची. मेलेली चिप गरम हवेनं तात्पुरती जिवंत करून विकतात, आणि ती आठवड्याभरात पुन्हा डोळे मिटते.

कार्ड हातात घ्या. स्क्रूंची डोकी खरवडलेली आहेत का? मागच्या बाजूला चिपभोवती सोल्डरिंगचा चिकट पिवळट फ्लक्स किंवा जळकट रंग? हे दुरुस्तीचे ठसे. मेमरीजवळ तेलकट ओघळ दिसला तर घाबरू नका, तो थर्मल पॅडचा असतो. ब्रॅकेटवर गंज असेल तर विचारा कार्ड कुठे होतं. कोकणपट्टीतल्या खाऱ्या दमट हवेत काही वर्षं काढलेल्या कार्डाचे पोर्टही बघावे लागतात. पंखा बोटानं फिरवा, डगमगला किंवा घरघरला तर भाव पाडा.

मग मशीनला लावून जीपीयू-झेड उघडा. बनावट कार्डांचा बायोस बदलून जुन्या चिपला नवं नाव दिलेलं असतं. हे सॉफ्टवेअर अशी बरीच कार्डं ओळखून नावापुढे तसं दाखवतं. आरएक्स ५८० घेत असाल तर शेडरची (चिपमधल्या गणना करणाऱ्या घटकांची) संख्या २३०४ हवी; २०४८ असेल तर ते नावापुरतं ५८० आहे, ताकद ५७०ची.

त्यानंतर कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क पंधरा मिनिटं, मग एखादा खरा गेम पंधरा मिनिटं, आणि जमलं तर ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) चाचणी. फरमार्क आणि गेम दोन्ही हवेत, कारण काही कार्डं फरमार्कमध्ये टिकतात आणि गेममध्ये कोसळतात. स्क्रीनवर चौकोनी ठिपके, रंगीत रेघा, क्षणभर काळं होणं यातलं काहीही दिसलं तर कार्ड परत. तापमान ८५ अंशांच्या आत राहायला हवं. शेवटी केबल काढून प्रत्येक पोर्टला एकदा लावा, एचडीएमआय चालतं म्हणून डिस्प्लेपोर्ट चालेलच असं नाही.

विकणारा चाचणी करू देत नसेल तर निघून या. ‘मशीन नाही, पण कार्ड चालू आहे, विश्वास ठेव भाऊ’ याला उत्तर एकच, नमस्कार.

खरेदी कुठे आणि कशी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनपासून पायी. रविवारी बहुतेक दुकानं बंद. पहिल्या दुकानात खरेदी करू नका. यादी घेऊन चार-पाच ठिकाणी लेखी कोटेशन मागा, आणि दर जीएसटी धरून की सोडून हे पहिल्यांदा विचारा. जीएसटी १८ टक्के आहे, म्हणजे तीस हजारांवर पाच हजार चारशेचा फरक. ‘बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल’ असं नव्या भागांबाबत कुणी म्हणालं तर नाही म्हणा. एसएमपीएस तिसऱ्या वर्षी गेला तर ते पक्कं बिलच कामाला येतं, आणि बिलावर सीरियल नंबर लिहिलेला हवा.

जुन्या भागांवर दुकानदार ‘टेस्टिंग वॉरंटी’ देतात: सात दिवस, पंधरा दिवस, कधी महिना. ती बिलावर किंवा निदान व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. त्यात पैसे परत की फक्त बदली, हेही. ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकलं जाणारं सगळं कुणी तपासलेलं असतंच असं नाही. पुष्कळदा ब्लोअर मारून धूळ उडवली की झालं रिफर्बिश्ड. वॉरंटी किती दिवसांची, यावरून विक्रेत्याचा स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते कळतं.

नाशिक, कोल्हापूर, नांदेडकडच्यांना बरंचसं ऑनलाइन मागवावं लागतं. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, खोक्यावरच्या पत्त्यापासून वस्तूच्या सीरियल नंबरापर्यंत. अनोळखी माणसाकडून घेत असाल तर आगाऊ पैसे नाहीत. स्वतःला फौजी म्हणवणारा, बदली झाली म्हणून स्वस्तात विकणारा आणि ओळखपत्राचा फोटो पाठवणारा विक्रेता हा जुना सापळा आहे. तुम्ही विकणारे असाल तर उलटी युक्ती येते: पैसे ‘मिळवायला’ क्यूआर स्कॅन करून पिन टाका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

जोडणी

मोठं टेबल, चुंबकी स्क्रूड्रायव्हर, उजेड. गालिच्यावर बसू नका. अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते.

१. बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवा. एएम४चा प्रोसेसर उलटा करून पिना बघा, वाकलेली असेल तर आत्ताच परत करा. सॉकेटची दांडी उचला, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि सोडा. तो स्वतःच्या वजनानं बसतो. दाबावं लागत असेल तर काहीतरी चुकलंय. इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, तिथे बोट लावायचं नाही.

२. रॅम दोनच पट्ट्या असतील आणि स्लॉट चार, तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. इथे मात्र जोर लागतो.

३. एनव्हीएमई एसएसडी तिरकी घुसवायची, खाली दाबून छोट्या स्क्रूनं बसवायची. तो स्क्रू मदरबोर्डाच्या खोक्यात एका पुडीत असतो आणि हमखास हरवतो.

४. कूलर. जुन्या प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा. कूलरखाली प्लॅस्टिकचा कागद असेल तर काढा. रायझनचा छोटा कूलर स्क्रूंनी बसतो, त्यासाठी बोर्डावरच्या काळ्या प्लॅस्टिक पट्ट्या आधी काढाव्या लागतात. स्क्रू तिरके-समोरासमोर थोडे थोडे आवळा. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या ठिकाणी.

५. आता कॅबिनेटमध्ये घालण्याआधीच चालू करून बघा. एसएमपीएसची २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर लावा, ग्राफिक्स कार्ड बसवून त्याची वायर द्या, मॉनिटर कार्डाला जोडा. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. बायोसची स्क्रीन आली की बंद करा. पाच मिनिटांचं हे काम नंतरची सगळी खोलखाल वाचवतं. प्रोसेसरची ८ पिनांची वायर चार-चार अशी फुटते, कार्डाची सहा-दोन अशी. एकमेकींत जबरदस्तीनं घालू नका.

६. कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे खुंट) बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना बघा, जास्तीचा एक असेल तर काढा, तो बोर्डाला शॉर्ट करतो. मागची पोर्टांची पत्र्याची चौकट बोर्डाआधी बसवायची. हे विसरून सगळं पुन्हा उघडणारे पुष्कळ. मग बोर्ड, एसएमपीएस, कार्ड. पुढच्या बटणांच्या बारीक वायरींसाठी बोर्डाचं पुस्तक उघडाच, अंदाज नको.

काही दिसलंच नाही तर घाबरण्याआधी तीन गोष्टी पाहा. मॉनिटरची केबल बोर्डाला लावलीत की कार्डाला? रॅम नीट बसली का? एकच पट्टी लावून चालू होतं का? बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतात, जो अडून राहतो तिथे दुखणं.

बायोस, विंडोज आणि चाचणी

बायोसमध्ये शिरून एक्सएमपी चालू करा. बोर्डानुसार त्याला डीओसीपीही म्हणतात. हे केलं नाही तर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २४००वर रांगत राहते आणि वर्षभर कळतही नाही. रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय), टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू. मशीन सुरू करण्याची जुनी सीएसएम पद्धत बंद, आणि ती विंडोज टाकण्यापूर्वी.

विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवा. दुकानदाराच्या पेनड्राइव्हमधलं क्रॅक केलेलं नको, त्यात काय काय असतं कुणास ठाऊक. अॅक्टिव्हेट न केलेलं विंडोजही चालतं, कोपऱ्यात खूण दिसते आणि वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही. रिफर्बिश्ड ऑफिस मशीनच्या बोर्डात अनेकदा विंडोजचा परवाना आधीच असतो, त्यांना हा खर्चच नाही. मग चिपसेटचा ड्रायव्हर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, आणि मॉनिटरचा हर्ट्झ सेटिंगमध्ये जाऊन वाढवणं. १०० हर्ट्झचा मॉनिटर ६०वर चालवणारे मी खूप पाहिलेत.

चाचणी टेस्टिंग वॉरंटीच्या पहिल्या दोन दिवसांत करा, शेवटच्या नाही. रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६, एकही चूक दिसली तर पट्टी परत. दुसऱ्या दिवशी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून दोन-तीन तास गेम. खोलीचं तापमान जितकं वाढेल साधारण तितकंच आतल्या भागांचंही वाढतं, म्हणून डिसेंबरात ७२ अंशांवर असलेलं कार्ड नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात नव्वदीला टेकू शकतं. त्या दिवसांत फ्रेम सेकंदाला ६०वर बांधून ठेवा. आवाज, उष्णता आणि बिल तिन्ही उतरतात.

विजेबद्दल दोन गोष्टी. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा मशीन बिघडलेली नसते, घरात अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो, तो अर्थिंगनं जमिनीत जायला हवा. नसेल तर तुमच्यातून जातो. इलेक्ट्रिशियन बोलावून आधी ते करून घ्या, गेम नंतर. आणि यूपीएस. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. ५६०० आणि ६६००ची जोडी गेम खेळताना अडीचशेच्या आसपास खाते, मॉनिटर वेगळा. म्हणजे वीज गेल्यावर खेळ पुरा करायला नाही, सेव्ह करून बंद करायला दोन-चार मिनिटं मिळतात. लोडशेडिंगच्या गावात तेवढ्यासाठीही तो घेण्यासारखा आहे, कारण वीज परत येतानाचा झटका एसएसडीलाही सोसत नाही आणि बोर्डालाही.